मुक्त व्यापार की फेअर ट्रेड? कापूसवाल्यांच्या सभेतला एक प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी विचारलं आहे : “आमच्या सर्वसाधारण सभेत एकजण म्हणाला, मुक्त व्यापारानं कापसाचा भाव मारला. दुसरा म्हणाला, आपण फेअर ट्रेडचं सर्टिफिकेट काढू, माल युरोपात जाईल. तिसऱ्यानं विचारलं, हे दोन्ही एकच ना? नेमका फरक काय, आणि आम्ही ते सर्टिफिकेट काढावं का?”

तिघांत तिसऱ्याचा प्रश्न सगळ्यात चांगला, म्हणून आधी तोच घेतो. दोन्ही एक नाहीत. आणि लोक समजतात तसे एकमेकांचे वैरीही नाहीत. मुक्त व्यापार हा सरकारासरकारांतला मामला आहे. माल हद्द ओलांडतो तेव्हा त्यावर शुल्क किती, कोटा किती, सूट कशाला आणि कशाला नाही, हे त्यात ठरतं. फेअर ट्रेड हा घेणारा आणि पिकवणारा यांच्यातला राजीखुशीचा करार. भाव कितीच्या खाली जाणार नाही, आगाऊ रक्कम मिळेल का, वरचे पैसे कशावर खर्च होतील, हे त्यात ठरतं. पहिल्यावर मंत्री सह्या करतात, दुसऱ्यावर तुमच्या कंपनीचा अध्यक्ष. कापसाच्या एकाच गाठीला दोन्ही लागू होऊ शकतात, एकही लागू नसेल असंही होऊ शकतं.

मी दोन्हींकडे बघताना एकच गोष्ट तपासतो : भाव पडला की तो कोणाच्या अंगावर पडतो? मुक्त व्यापाराचा करार या प्रश्नाला हातच लावत नाही. फेअर ट्रेड लावतो, पण फार थोड्या मालापुरता. आधी बरीच वर्षं रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) गाठींच्या निर्यातीची कागदपत्रं आणि नंतर शेतकरी गटांचं प्रमाणीकरण असं काम केल्यामुळे कापसावरूनच सांगतो, तुम्हालाही ते जवळचं.

तुमच्या पहिल्या सभासदाचा राग कशावर आहे ते कळतं. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं कापसाच्या आयातीवर शुल्क लावलं, अधिभार धरून ते ११ टक्के पडायचं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. त्याच महिन्यात अमेरिकेचं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं, तेव्हा कपडे निर्यात करणाऱ्यांना निदान कच्चा माल तरी स्वस्त पडावा असा हिशेब. इकडे त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल जाहीर झालेला, आणि बाजार समितीत व्यापारी त्याच्या खाली बोली लावत होते. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत. मग गाडी भरून आणलेला कापूस घरी न्यायचा की मिळेल त्या भावाला द्यायचा, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं, आणि बहुतेक जण देऊनच येतात.

पण यात मुक्त व्यापाराचा करार कुठेच नव्हता. हा आपल्याच सरकारनं आपल्याच गिरण्यांसाठी आपल्या मर्जीनं काढलेला आदेश होता, आणि तसाच तो मागेही घेता येतो. कराराचं तसं नसतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात वर्षाला ५१,००० टन कापूस शुल्काविना आणायची मुभा आहे, म्हणजे १७० किलोच्या तीन लाख गाठी. देशाचं उत्पादन अलीकडे तीनशे लाख गाठींच्या आगेमागे असतं, तेव्हा हा जेमतेम एक टक्का. एवढ्यानं वर्ध्याचा भाव पडला असं मी म्हणणार नाही. पण ती मुभा एकदा दिली ती दिली. ऐन हंगामात कापूस ढासळला म्हणून दिल्लीला ती एका रात्रीत काढून घेता येत नाही. सभांमधून ‘मुक्त व्यापार’ म्हणून जे शिव्या खातं, त्यातलं बरंचसं आदेशांचं असतं, करारांचं नसतं. राग काढायचाच तर योग्य दारात काढावा.

शिवाय हे भांडण देशादेशांत जितकं असतं त्याहून जास्त घरात असतं. इचलकरंजीच्या आणि मालेगावच्या यंत्रमागवाल्याला सूत स्वस्त हवं, यवतमाळच्या शेतकऱ्याला कापूस महाग हवा. दोघेही महाराष्ट्रातले. शुल्क लावा किंवा काढा, एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात जातंच. अर्थशास्त्राची पुस्तकं १८१७ पासून डेव्हिड रिकार्डोचं इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन हे उदाहरण देत आली आहेत : ज्याला जे तुलनेनं स्वस्तात जमतं त्यानं ते करावं, देवाणघेवाणीत दोन्ही देशांचा फायदा. हिशेब चुकीचा नाही. पण दोन्ही देशांचा एकूण फायदा झाला म्हणजे त्या देशातल्या प्रत्येकाचा झाला असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, आणि ज्याचं नुकसान होतं त्याची भरपाई कोणी करायची हेही नाही.

जागतिक पातळीवरचं थोडक्यात सांगतो. १९४७ च्या ‘गॅट’ या आयातशुल्क आणि व्यापाराच्या जागतिक करारात सह्या करणाऱ्या पहिल्या २३ देशांत भारत होता. १९९५ पासून त्या जागी जागतिक व्यापार संघटना आहे. तिथला पाया असा की एका सदस्याला दिलेली सवलत सगळ्या सदस्यांना द्यायची. दोन-चार देश आपसात जे करार करतात, आसियान, जपान, अमिराती, ऑस्ट्रेलिया, आणि २४ जुलै २०२५ ला सही झालेला ब्रिटनचा, ते सगळे या पायाला ठेवलेले अपवाद आहेत. म्हणूनच ते करार शेकडो पानांचे असतात. खरंच सगळं मुक्त करायचं असतं तर एक पान पुरलं असतं.

त्या पानांतलं तुमच्या कामाचं म्हणजे मूळ देशाचा दाखला, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. करार झाला म्हणजे शुल्क शून्य झालं असं नसतं. माल खरोखर भारतात तयार झाला आहे हे ठरलेल्या नियमांनी सिद्ध झालं तर ते शून्य. एका निर्यातदाराचा सोलापुरी टॉवेलचा कंटेनर असाच अडकलेला पाहिला आहे. बिलावरचा एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि दाखल्यावरचा कोड सहाव्या अंकाला जुळत नव्हता. कागद करून देणाऱ्या एजंटकडे जुना नमुना पडला होता, त्यानं त्यावरच तारीख बदलली होती. तिकडच्या कस्टम्सनं सवलत नाकारली, घेणाऱ्यानं पूर्ण शुल्क भरून माल सोडवला आणि ती रक्कम पुढच्या बिलातून कापून घेतली. टॉवेल तेच, विणणारे तेच, करारही जागेवरच. आपल्याकडे येणाऱ्या मालालाही सप्टेंबर २०२० पासून असेच कडक नियम आहेत, नुसता दाखला पुरत नाही, मूळ कुठलं याची माहिती आयातदाराला स्वतःजवळ ठेवावी लागते.

बांगलादेशचं उदाहरण तर आपल्या कापसाशी थेट जोडलेलं आहे. आपल्या रुईचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक तो. अतिमागास देश म्हणून त्यांच्या कपड्यांना युरोपात २००१ पासून शुल्क नाही, आणि कापड बाहेरचं असलं तरी कपडा बांगलादेशात शिवला असेल तर चालतं. तोच शर्ट तिरुपूरहून गेला की साडेनऊ टक्क्यांच्या वर शुल्क, अशीच वर्षानुवर्षं रीत राहिली. म्हणजे रुई विदर्भाची, पण शिलाई ढाक्यात झाली की माफ आणि आपल्याकडे झाली की भरा. यात आपल्या शेतकऱ्याचं नुकसान झालं का? रुईला गिऱ्हाईक मिळालं, भाव टिकला. नुकसान झालं ते आपल्या शिलाई कामगाराचं. मुक्त व्यापाराचे फायदे-तोटे असे तिरके वाटले जातात, त्यामुळे ‘चांगला की वाईट’ या प्रश्नाला एकच उत्तर येत नाही.

शुल्क शून्य असूनही दार बंद असू शकतं, हे कोकणातल्या लोकांना सांगायला नको. आंब्यावर युरोपात आयातशुल्क नाही. तरी फळमाशी सापडली म्हणून १ मे २०१४ पासून हापूस बंद झाला, तो जानेवारी २०१५ मध्ये उठेपर्यंत हंगाम केव्हाच संपून गेला होता. नाशिकच्या द्राक्षांना २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांनी असाच फटका दिला.

आता उलट बाजू, आणि ती आपल्याकडे मोठी आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा पाया ठरलेल्या मसुद्याच्या, काळात खुल्या व्यापाराची बाजू घेतली तेव्हा भलेभले चक्रावले होते. त्यांचं म्हणणं असं की भारतीय शेतकऱ्याला मुक्त व्यापारानं मारलेलं नाही, तो त्याच्या वाट्याला आलाच नाही. भाव चढले की सरकार निर्यात बंद करतं, पडले की शेतकरी एकटा. हे म्हणणं मला पुष्कळ अंशी पटतं. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली होती. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच जाहीर नाराजी दाखवली आणि आठवड्याभरात ती सैल करावी लागली, पण तेवढ्यात बंदराकडे निघालेल्या गाठींचं आणि भावाचं व्हायचं ते झालं. कांद्याचं ताजं आहे : ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क होतंच, ते १ एप्रिल २०२५ ला गेलं. लासलगावच्या माणसाला विचारा, त्याला मुक्त व्यापार हवा आहे, आणि अगदी आजच हवा आहे.

श्रीमंत देशही दुसऱ्याला सांगतात तेवढं स्वतः पाळत नाहीत. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत खटला लढवला आणि जिंकला. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ पासून हेच गाऱ्हाणं मांडलं आहे, त्यांना ब्राझीलसारखं वजन नाही, म्हणून तशी रक्कमही नाही. आपल्याला हे जुनंच आहे. १८९६ मध्ये इंग्रज सरकारनं आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांवर अन्याय नको म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढीच जकात बसवली. तिलाही मुक्त व्यापाराचं तत्त्वच म्हणत. न्यायमूर्ती रानडे त्याआधीच, १८९२ मध्ये, डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात सांगून चुकले होते की इंग्लंडच्या अनुभवातून निघालेले सिद्धांत हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आता फेअर ट्रेड. त्याचं आजचं रूप कॉफीतून आलं. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात छोट्या कॉफी उत्पादकांची उसिरी नावाची सहकारी संस्था होती. तिच्याबरोबर काम करणारे डच पाद्री फ्रान्स व्हान डर हॉफ आणि नेदरलँड्समधले निको रोझेन यांनी १९८८ मध्ये ‘मॅक्स हावेलार’ हे फेअर ट्रेडचं पहिलं लेबल बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार कोसळला. १९६२ पासून त्या कराराखाली देशादेशांना निर्यातीचे कोटे ठरवून देत आणि त्यामुळे भाव तरलेला असे. कोटे गेले आणि थोड्याच काळात भाव जवळपास निम्मा झाला. सरकारांनी भाव धरून ठेवायचं सोडलं तेव्हा ते काम खरेदीदार आणि उत्पादकांनी एका छोट्या कोपऱ्यात सुरू केलं, असं मी याकडे बघतो.

त्याची यंत्रणा आकड्यांत बघितली की लगेच समजते. फेअरट्रेडचा धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १ डॉलर ८० सेंट आहे, वर २० सेंट प्रीमियम, म्हणजे उत्पादकांच्या संस्थेला मिळणारी जादा रक्कम. बाजारभाव १ डॉलर असला तरी खरेदीदारानं २ डॉलर मोजायचे. बाजारभाव अडीच डॉलर असेल तर अडीच अधिक २० सेंट. म्हणजे खाली फरशी आहे, वर छत नाही. २००१ मध्ये बाजारात कॉफी ५० सेंटच्याही खाली गेली होती, तेव्हा लेबलवाल्यांना प्रीमियम धरून १ डॉलर २६ सेंट मिळत होते. कित्येक कुटुंबांची कॉफीची झाडं उपटायची वेळ टळली ती या फरकामुळे. २०२५ च्या सुरुवातीला मात्र बाजार ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा १.८० च्या फरशीचा कोणालाच उपयोग नव्हता, आणि संस्थेला माल द्यायचं सोडून सभासद दारावर आलेल्या व्यापाऱ्याला रोखीनं घालत होते.

हे ऐकून तुमच्या सभेतल्या जुन्या मंडळींना काहीतरी आठवेल. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. हमीची किंमत, वर नफा झाला तर बोनस, आणि नफ्यातला काही भाग भावाच्या चढउतारासाठी बाजूला. कल्पना फेअर ट्रेडच्या फार जवळची. बुडाली ती दोन कारणांनी. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रात्री गाड्या हद्दीपलीकडे जात, आणि इथे भाव जास्त असला की बाहेरचा कापूस आत येई. दुसरं म्हणजे किंमत बाजार बघून ठरायची सोडून निवडणूक बघून ठरू लागली, तोटा सरकारी तिजोरीवर. फेअर ट्रेडमध्ये तो तोटा खरेदीदार आणि शेवटी गिऱ्हाईक स्वखुशीनं उचलतं. म्हणूनच तो टिकतो, आणि म्हणूनच लहान राहतो.

किमान भावापेक्षा मला प्रीमियमचं मोल जास्त वाटतं. हे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात जात नाहीत, संस्थेकडे जातात, आणि त्यांचं काय करायचं ते सर्वसाधारण सभा ठरवते. एका गटाच्या अशा सभेला मी बसलो होतो. निम्म्या लोकांना रोख वाटप हवं होतं. काहींना मंदिराचं सभागृह. शेवटी मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि म्हणाली, आधी काटा घ्या. गावात खेडा खरेदीला येणारा व्यापारी स्वतःचा काटा आणायचा आणि क्विंटलमागे किलो-दोन किलो कुठे जातात ते कोणालाच कळत नसे. गटानं इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, शाळेशेजारच्या खोलीत ठेवला, आणि गटात नसलेल्यांनाही तिथे आधी माल तोलून न्यायची मुभा दिली. त्या हंगामापासून गावभराची काटामारी थांबली. लेबलच्या जाहिरातीत हे येत नाही, पण मला विचाराल तर त्या वर्षीचा सगळ्यात मोठा फायदा तोच होता.

आता अडचणी, कारण सर्टिफिकेट काढायला निघालेल्याला कोणी त्या आधी सांगत नाही.

पहिली आणि विदर्भात सगळ्यात जड : फेअरट्रेडच्या नियमांत जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही. २००२ मध्ये अशा जनुक बदललेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज देशातलं कापसाचं नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली आहे. सेंद्रियच हवं असं फेअरट्रेड म्हणत नाही, ठरावीक घातक औषधं सोडून फवारणी चालते. पण बीटी नाही. म्हणजे सभासदांना नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं ‘सुरज’ किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एखादं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण लावावं लागेल, आणि बोंडअळीला स्वतः तोंड द्यावं लागेल. तपासणीला येणारा माणूस शेतात उभं राहून पान चुरडतो, छोट्या नळीत पाण्यात घालतो आणि कागदाची पट्टी बुडवतो. काही मिनिटांत एक रेघ उमटली तर ठीक. दोन उमटल्या तर त्या शेताचा माल बाहेर. शेतकरी शपथेवर सांगतो की मी बीटी लावलं नाही, आणि बरेचदा तो खरंच बोलत असतो. बियाण्यातच भेसळ असते, किंवा शेजारच्या शेतातून परागकण आलेले असतात.

दुसरी : प्रमाणपत्र म्हणजे विक्री नव्हे. संस्थेचा सगळा माल फेअर ट्रेडच्या अटींवर क्वचितच जातो. उरलेला साध्या भावानं बाजारात जातो, तपासणीची फी मात्र पूर्ण भरावी लागते. ती युरोत असते, आणि लहान गटालाही वर्षाला लाखाच्या पुढे जाते. त्यात आपल्याकडे सरकारी हमीभाव आधीच आहे. लेबलचा किमान भाव त्याच्या खाली किंवा बरोबरीला असेल, तर हाती उरतो तो फक्त प्रीमियम.

तिसरी : लेबल जेवढं सांगतं तेवढंच खरं धरायचं. कापसावरचं फेअरट्रेड चिन्ह शेतापुरतं बोलतं. शर्ट शिवणाऱ्या बाईला काय मजुरी मिळाली हे त्यातून कळत नाही, कपड्याच्या पूर्ण साखळीसाठी वेगळं मानक २०१६ मध्ये आलं आणि ते फार थोड्यांनी घेतलं आहे. मजुरांचा प्रश्न शेतातही आहे. लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडामध्ये पाहणी केली, २०१४ च्या त्या अहवालात असं निघालं की तिथे फेअर ट्रेडच्या भागात रोजंदारीवर राबणाऱ्यांची मजुरी इतर तशाच भागांपेक्षा कमी होती. शेतमालकाला भाव मिळाला म्हणजे वेचणाऱ्या बाईला मिळाला असं होत नाही. तुमच्या गावातला वेचणीचा दर आठवून बघा.

चौथं अडचण म्हणून नाही, माहिती म्हणून. फेअर ट्रेड म्हणजे एकच संस्था नव्हे. मालावर चिन्ह देणारी फेअरट्रेड इंटरनॅशनल वेगळी, तिची तपासणी फ्लोसर्ट करते. संस्थेलाच सदस्यत्व देणारी जागतिक फेअर ट्रेड संघटना वेगळी. अंधेरीच्या वस्त्यांतल्या बायकांनी चालवलेली ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ दुसऱ्या वाटेनं गेलेली आहे. शिवणकाम, हस्तकला असलं काही तुमच्या भागातल्या बचतगटांचं असेल तर ती वाट बघावी. कच्च्या कापसाला पहिलीच.

युरोपातलं गिऱ्हाईक जास्त पैसे देईल का, असंही सभेत कोणीतरी विचारेल. ढोबळ हिशेब मांडतो. एका टी-शर्टला नासाडी धरून पाव किलो रुई लागते असं समजा. कापसातून ३४ टक्के रुई निघते असं धरलं तर पाऊण किलोच्या आत कापूस. ७५ रुपये किलोनं तो झाला ५५ रुपयांचा. शेतकऱ्याला दहा टक्के जास्त दिले तर शर्टामागे साडेपाच रुपये. दोन-अडीच हजारांना विकल्या जाणाऱ्या शर्टात ते कुठे दिसणारही नाहीत. पैसा नाही म्हणून हे अडत नाही. शेतापासून दुकानापर्यंत जिनर (कापसातली सरकी काढून गाठी बांधणारा), सूतगिरणी, विणाई, रंगाई, शिलाई, ब्रँड एवढे हात आहेत आणि प्रत्येकाला तो माल वेगळा ठेवायचा त्रास होतो, म्हणून अडतं.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या सभासदाला माझं उत्तर : लगेच अर्ज करू नका. आधी खरेदीदार शोधा. तो सूतगिरणी किंवा ब्रँड असला पाहिजे, आणि किती गाठी, कोणत्या लेबलखाली, किती वर्षं हे त्यानं लेखी दिलं पाहिजे. आगाऊ रकमेचंही तेव्हाच बोला. फेअरट्रेडच्या नियमांत संस्थेनं मागितल्यास कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत उचल देण्याची तरतूद आहे, पण न मागितलेली उचल कोणी आणून देत नाही. मग जिनिंगवाल्याला भेटा. तुमचा लॉट लावण्याआधी त्याला यंत्रं साफ करावी लागतील, सरकी वेगळी काढावी लागेल, गाठींवर वेगळे नंबर घालावे लागतील, आणि यासाठी तो ऐन डिसेंबरात एक दिवस मोकळा करेल का, हे त्याच्याच तोंडून ऐका.

आणि सभेत एकच गोष्ट मोजा : किती सभासद किती एकरांवर बीटी सोडायला तयार आहेत. कोरडवाहूत सरळ वाणाचं एकरी चार क्विंटल उत्पादन धरलं तर शंभर एकरांचे चारशे क्विंटल, म्हणजे ऐंशी गाठी. त्यात एक ट्रकही धड भरत नाही, आणि तेवढ्यासाठी कोणी जिनर यंत्र थांबवणार नाही. चार-पाचशे एकर सलग शेजारशेजारच्या शिवारात मिळाले तर विचार करण्यासारखं आहे. तसे मिळाले तर बियाण्याची मागणी मार्चमध्येच नोंदवा, जूनमध्ये कृषी केंद्रात सरळ वाण मागितलं तर दुकानदार बीटीचंच पाकीट हातात देईल.